बगळ्याचा खडक, वेळ ओहोटीप्रमाणे

आमच्या घरमालकांच्या तोंडून डावं-उजवं हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. ताटात भात हवा असला की ते म्हणायचे, "दक्षिणेकडं वाढ." चष्मा सापडत नसला की काकू विचारायच्या, "अवो, कुठं ठेवलाय?" आणि ओटीवरून उत्तर यायचं, "फडताळात, वायव्येला." काकू क्षणभर भिंतीकडे बघायच्या आणि नेमका तिथेच हात घालायच्या. मला मात्र तीन वर्षं राहूनही ते जमलं नाही. आंघोळीचं पाणी पूर्वेच्या घंगाळात काढलंय असं कानावर आलं, की मी टॉवेल खांद्यावर टाकून आधी सूर्य बघायला अंगणात जायचो.

मी घाटावरचा. पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून पहिली नेमणूक झाली ती थेट समुद्रकाठी, श्रीवर्धनहून हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. खोली बघायला यायच्या आधी मी फोनवर पत्ता विचारला. पत्ता सांगण्याऐवजी त्यांनी नकाशावरचा एक ठिपका पाठवला. मी ठिपक्यामागे चालत निघालो. एका वाडीत शिरलो, सुपारीच्या झाडांमधून वाट काढली, आणि फोनमधल्या बाईनं जाहीर केलं की मी पोचलो. समोर विहीर होती. मी आत डोकावून बघितलं, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना.

"वाकू नको. कठडा ढिला हाय," मागून आवाज आला. उंच, सडपातळ, खाकी अर्धी चड्डी, छातीवर दोरीनं लटकवलेला फोन. "बरोबर आलास."

"पण घर?"

"घर त्या बाजूला. ठिपका विहिरीवर ठेवलाय. घराचं दार मी दोनदा फिरवलंय. विहीर फिरत न्हाय."

काकांनी, म्हणजे आमच्या घरमालकांनी, तीस वर्षं मालवाहू बोटींवर सुकाणू धरलं होतं. बोट सुटली आणि ते गावी आले, तेव्हा लेकीनं हातात फोन दिला. त्या फोनमध्ये त्यांना नकाशा सापडला, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून माणूस घरात असून घरात नाही.

एस.टी.त बसले तरी ते नकाशा चालू ठेवायचे. गाडी रोजच्याच रस्त्यानं चाललेली असायची, ड्रायव्हर त्याच गावचा, तरी फोनमधली बाई दर वळणाला सूचना द्यायची आणि काका तिच्याशी भांडायचे. "गप ग बये, तिथं दरड आलीये." मग खाली मान घालून दरडीची खबर नकाशावर टाकायचे. कंडक्टरनं एकदा मला हळूच विचारलं, "ह्यांचं कुणाशी चाललंय?" 

जगातल्या प्रत्येक गोष्टीला तारे द्यायची सवय त्यांना नकाशामुळेच लागली. न्हाव्याला चार, पाणवठ्याला पाच, तलाठी कार्यालयाच्या सावलीला पाच पण कार्यालयाला दोन. पुढे ती सवय घरातही शिरली. "आजची आमटी साडेतीन," असं म्हणाले की काकू भांडं आपटून विचारायच्या, "आणि दीड कुणाच्या बापासाठी ठेवलाय?"

चारी बाजूंचा एकच फोटो काढून नकाशावर चढवता येतो, हे कळल्यावर त्यांनी एक आख्खा पावसाळा त्यात घालवला. फोन धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं, मग फोनच ते तुकडे जोडतो. स्टँडवरचा फोटो काढताना भजीवाला मध्येच हलला आणि नकाशात त्याला तीन हात आले. तो तक्रार घेऊन घरी आला. काका शांतपणे म्हणाले, "तीन हातांनी तळतोस म्हणून तर लोक बघायला येतायत." भजीवाला विचारात पडून परत गेला. तो फोटो अजूनही तसाच आहे.

एक प्रसंग मला अजून उलगडलेला नाही. उपग्रहावरून काढलेले जुन्या वर्षांचे फोटो एकामागून एक बघता येतात. काका संध्याकाळभर आमच्या किनाऱ्याची वर्षं मागे-पुढे सरकवत बसले होते. एका वर्षी सुरूचं बन दाट, पुढच्या वर्षी विरळ, मग पांढरी वाळू, मग पाणी. परत मागे, परत बन. मला वाटलं, म्हातारा मनातून हललाय. मी शेजारी बसलो, जरा वेळानं विचारलं, "काका, काय बघताय?"

"ह्या वर्षी ढग लई होते," ते म्हणाले आणि फोन बंद करून जेवायला उठले.

आता खडकाबद्दल. गावाच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात एक मोठा काळा कातळ आहे. बगळ्याचा खडक. ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं, खडकाळ वाट उघडी पडते. भरती लागली की पाणी आधी त्या वाटेवर येतं आणि खडक मागे एकटा राहतो. खडकावर उभ्या माणसाचं तोंड सूर्यास्ताकडे असतं, म्हणून पाठीमागे काय झालंय ते त्याला कळत नाही. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी पाहुणा तिथे अडकायचा, आणि कोळीवाड्यातल्या नाखव्याला होडी काढावी लागायची.

काकांनी ठरवलं की हे नकाशावर यायला पाहिजे. त्यांनी "धोका" म्हणून जागा टाकली. नकाशेवाल्यांनी नाकारली. "इथे पाण्याकडे लक्ष द्या" अशी टाकली. तीही नाकारली. पाण्यात ठिकाण असू शकत नाही, असं काहीतरी उत्तर आलं. काका दोन दिवस नकाशावरची ठिकाणं चाळत बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "डॉक्टर, समुद्राला वेळ लावता येत न्हाय. खानावळीला येते."

मी विचारलं, "म्हणजे?"

"खानावळ टाकली की उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ लिहिता येते. ओहोटी हाय तवर उघडी. भरती लागली की बंद. माणूस निघण्याआधी बघणार, बंद हाय म्हणून. मंग कशाला जाईल?"

"पण तिथे खानावळ नाही, काका."

"ते मला ठाव हाय," ते जरा चिडून म्हणाले, जणू अडाणीपणा माझाच होता.

नकाशेवाल्यांनी पुरावा मागितला. दुकानाची पाटी, आतलं सामान आणि मालक दिसेल असा व्हिडिओ पाठवा. एका सकाळच्या ओहोटीला आम्ही तिघं त्या वाटेनं निघालो. काकांच्या डोक्यावर पाटी, काकूंच्या हातात तवा आणि परात, माझ्याकडे स्टोव्ह. व्हिडिओ मी काढला. काकूंनी खडकावर बसून खरोखर तांदळाची भाकरी भाजली, कारण खोटं नुसतं बसायला त्यांना जमेना. मी सरकारी नोकर होतो. आपण एका गुन्ह्यात सामील आहोत की समाजकार्यात, हे मला त्या दिवशीही कळलं नाही.

खानावळ मंजूर झाली. भरतीची वेळ रोज पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून काका रोज पहाटे उठून वेळ बदलायचे. हिशेब जुना होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. तिच्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ओहोटीच्या दोन तास अलीकडे उघडायचं, दोन तास पलीकडे बंद करायचं.

लोक यायला लागले, पण जेवायला. किनाऱ्यावर उभे राहून विचारायचे, "सुरमईची थाळी मिळते ती जागा हीच का?" काका त्यांना आधी वेळेची शिस्त समजावून सांगायचे, मग घराकडे पाठवायचे, आणि काकू पदर खोचून चुलीपुढे बसायच्या. "ह्यांच्या खडकापायी माझी चूल विझत न्हाय." नकाशावर अभिप्राय जमले. एकानं लिहिलं होतं, "जागा सुंदर, पण वाढपी नाहीत. खेकडे ताजे आहेत, मात्र जिवंत." काकांनी तो मला तीनदा वाचून दाखवला आणि विचारलं, "ह्यो मानूस खूश हाय का नाराज?"

हे सगळं ते का करतात, ते मी गावात विचारून बघितलं. नाखवा म्हणाला, लहानपणी त्यांचा जोडीदार त्या खडकावरून वाहून गेला. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, जोडीदार नव्हे, गाय. काकूंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "कोन न्हाय गेलेलं. तीस वर्षं सुकाणू धरलं, आता हात रिकामा हाय, दुसरं काय?" खुद्द काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "का म्हंजे? खडक हाय म्हणून."

मग काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पनवेलला, लेकीकडे. काकूही सोबत जाणार होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की आठ दिवस फोनच्या पडद्याकडे बघायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मला समोर बसवलं, स्वतःच्या हातानं लिहिलेली वही दिली आणि माझ्या फोनवरून नकाशावर वेळ कशी बदलायची ते चारदा करून दाखवलं. "येईल ना?"

"येईल."

"तू घाटावरचा," ते म्हणाले. गाडीत बसेपर्यंत ते मागे वळून बघत होते, माझ्याकडे की वहीकडे ते कळलं नाही.

तीन दिवस मी नीट केलं. काकूंच्या फोनवरून रोज विचारणा व्हायची, "किती ते किती?" मी सांगायचो. ते म्हणायचे, "व्हय." चौथ्या दिवशी द्वादशी होती. मी वही उघडली तोच दारात एक बाई धावत आली. म्हैस अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर दिसत होता. मी उभ्या उभ्या हिशेब केला. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. उघडं एक ते पाच असायला हवं होतं. मी तीन ते सात लिहिलं. ओहोटीची वेळ तीच उघडायची वेळ धरली, दोन तास अलीकडचे विसरलो, आणि फोन तिथेच टाकून, पिशवी उचलून पळालो.

म्हैस दुपारी सुटली. रेडी जिवंत होती, मी खुशीत होतो. घरी येऊन आंघोळ केली, चहा ठेवला. साडेपाचला फोन वाजला. काका होते. आवाज अगदी सपाट.

"खडकावर तीन बायका हायत. नाखव्याला सांगितलंय. तू किनाऱ्यावर जा."

मी धावलो. वाट पाण्याखाली गेली होती. पलीकडे खडकाच्या टोकाला तीन माणसं दिसत होती, एक बसलेली, दोघी तिला धरून उभ्या. पुण्याहून आलेल्या दोघी बहिणी आणि त्यांची सत्तरीची आई. चार वाजता त्या गेल्या होत्या. बंद व्हायला तीन तास आहेत, म्हणून आईला सावकाश चालवत नेलं होतं. पाणी आलेलं बघून धाकटीनं नकाशावरचा खानावळीचा, म्हणजे काकूंचा, नंबर लावला. पनवेलमध्ये डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसानं तो उचलला.

काकांनी त्यांना काय सांगितलं ते मला पुढे त्या धाकटीकडूनच कळलं. "खाली उतरू नका. सूर्याकडं तोंड करून चालत राहा, जिथं बगळ्यांची शिट पडलीये तिथं थांबा. तिथवर पानी येत न्हाय. आईला मध्ये बसवा. मी फोन ठेवतो, दोन मिनिटांत परत करतो." आणि त्यांनी परत केला. होडी दिसेपर्यंत ते बोलत राहिले. आईचं माहेर कुठलं, नातवंडं किती, आमटीत काय घालता, असलं काहीबाही.

होडी लागायला कठीण गेलं. लाट खडकावर आपटत होती. नाखव्यानं दोनदा जवळ नेली आणि दोनदा मागे घेतली. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो आणि मला पोहताही येत नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्यानं म्हातारीला उचलून आत घेतलं. किनाऱ्याला आल्यावर मी तिला हात दिला. नऊवारी भिजून जड झालेली, ओठ निळे. तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "बंद व्हायची वेळ सात होती ना हो?"

 त्यांना घरी आणलं, काकूंची लुगडी दिली, चहा दिला. सांगायची संधी पाच-सहा वेळा आली. दरवेळी माझं तोंड उघडायचं आणि मी साखर हवी का असं विचारायचो.

काका आठव्या दिवशी काळा चष्मा लावून आले. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि तसाच वाकून सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हैस सुटली काय?"

"सुटली."

"बरं झालं."

मग ते हातपाय धुवायला परसात गेले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. हा माणूस आपल्याला माफ करून बसलाय की आपल्यावर पाणी सोडून, हे कळायला मार्ग नव्हता.

थोरल्या बहिणीनं अभिप्राय लिहिला होता. काकांना अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून मलाच मोठ्यानं वाचावा लागला. "वेळ चुकीची दिली आहे. आमची आई थोडक्यात वाचली. या लोकांवर कारवाई झाली पाहिजे." काका म्हणाले, "उत्तर लिही. वेळ लिहिण्यात आमची चूक झाली. आईंची तब्येत कशी आहे ते कळवा. खाली लिही, मालक."

"काका, माझं नाव लिहू द्या. चूक माझी आहे."

"तू मालक हायस काय?"

"तुम्ही तरी समुद्राचे मालक आहात का?" मी न राहवून बोललो.

ते गोंधळले. त्यांना गोंधळलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. चष्म्याआड डोळे दिसत नव्हते, पण हात फोनच्या दोरीशी चाळा करत राहिला. "न्हाय," ते म्हणाले. "पण वेळ मी लावली. आधी लोक पाण्याकडं बघून जायचे, आता माझ्याकडं बघून जातात. हे काय मी बरं केलं का वाईट, ते सांग."

 काकू म्हणाल्या, "काढून टाका ती खानावळ." काका म्हणाले, "काढली तर लोक जायचे थांबतील?"  दोन दिवस ते तिघंजण, म्हणजे काका, काकू आणि फोन, ओटीवर तसेच बसून होते. तिसऱ्या दिवशी पहाटे काकांनी मला उठवलं आणि किनाऱ्यावर नेलं. पुढचे पंधरा दिवस रोज नेत राहिले. वही नाही, फोन नाही. वाटेवरचा कुठला दगड आधी बुडतो, कुठला मागून, पाणी आधी कुठल्या फटीतून शिरतं, हे बघायचं आणि पायानं मोजायचं.  पंधराव्या दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "लिही."

"मीच?"

"मला अजून धुरकट दिसतं," ते म्हणाले. पण आदल्याच दिवशी त्यांनी पन्नास पावलांवरून एस.टी.ची पाटी वाचलेली मी बघितली होती.

मार्गशीर्षात पुण्याहून फोन आला. म्हातारी स्वतः बोलत होती. तिला परत यायचं होतं, लेकींच्या विरोधाला न जुमानता. "तिकडून समोर काय दिसतं ते मी बघितलंच नाही. तुमच्याशी बोलण्यात लक्ष होतं," ती काकांना म्हणाली. काकांनी मला वेळ विचारली. मी तिथी काढली, दोनदा मोजली, किनाऱ्यावर जाऊन आलो आणि मग सांगितली.

ओहोटीला अजून तासभर होता तेव्हा आम्ही निघालो. लेकी किनाऱ्यावर थांबल्या. काकू डबा घेऊन पुढे गेल्या होत्या. वाटेच्या तोंडाशी म्हातारी थबकली. पुढे शेवाळलेले दगड होते. मी तिच्या शेजारी उभा होतो, आणि आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं.

"आजी, त्या दिवशीची वेळ मी लिहिली होती. मालकांनी नाही. चूक झाली ती माझी."

तिनं माझ्याकडे वर मान करून बघितलं. रागानं की कसं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "त्या दिवशी भिजले मी होते आणि कापत तुम्ही होतात."

मग वाकून तिनं चपला काढल्या, त्या माझ्या हातात दिल्या आणि काकांचा हात धरून पहिल्या दगडावर पाय ठेवला.